इथे सही करा

सकाळी ६.१०

लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागातलं एका खोलीचं घर. माझी भाची एका हातानं पोह्यांचा डबा लावते आहे, दुसऱ्या हातानं बॅग तपासते आहे. दोन रायटिंग पॅड. ऐंशी संमतीपत्रं, प्रत्येकी दोन पानांची, स्टेपल केलेली. बारा बॉलपेनं. गॅफर टेपचं रीळ. सनस्क्रीन. पॉवर बँक. पेनं तिनं स्वतःच्या पैशानं आणली आहेत. लोक सही करतात आणि पेन खिशात घालून चालू लागतात. दिवसाला तीन-चार तरी जातात. ऑफिस त्याचे पैसे देत नाही.

तिचा हुद्दा प्रॉडक्शन असिस्टंट. सगळे ‘पीए’ म्हणतात. कार्यक्रम विनोदी आहे, इंटरनेटवर येतो. होस्ट रस्त्यावरच्या साध्या अमेरिकन माणसांना प्रश्न विचारतो. ती चुकतात. जग हसतं. त्या माणसांना थांबवायचं, कॅमेऱ्यासमोर उभं करायचं आणि मग त्यांची सही घ्यायची, हे हिचं काम. ऑक्टोबर २०२५ मधला हा मंगळवार मी तिच्याबरोबर काढते आहे. ऑफिसनं मला परवानगी दिली आहे. अट एकच, मध्ये बोलायचं नाही.

सकाळी ६.५०

मेट्रोची बी लाइन. तिकीट पावणेदोन डॉलर. दोन स्टेशनं, की हॉलिवूड/हायलँड. गाडीत हॉटेलात साफसफाई करणाऱ्या बायका आहेत, एक सुरक्षारक्षक आहे, पेंगतो आहे. यांच्यापैकी कुणी कार्यक्रमात दिसत नाही, भाची सांगते. हे लोक थांबतच नाहीत. त्यांना कामावर पोचायचं असतं.

“मग थांबतं कोण?”

“ज्याला वेळ आहे तो. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही तो.”

सकाळी ७.३०

कॉल टाइम. पार्किंगमध्ये पाच जण. होस्ट, प्रोड्यूसर, कॅमेरामन, साउंड बघणारी बाई आणि ही. घड्याळ इथून सुरू. हिचा पगार तासावर आहे, शहराच्या किमान वेतनाइतका: तासाला १७.८७ डॉलर. आठ तासांनंतर दीडपट, बारा तासांनंतर दुप्पट. बारा तास भरले तर २५०.१८ डॉलर होतात. हा हिशेब तिला तोंडपाठ आहे. कर कापून हातात येतं त्यातून घरभाडं आणि फिल्म स्कूलसाठी पुण्याच्या बँकेतून काढलेल्या कर्जाचा हप्ता.

साउंडवाली बॅटऱ्या बदलते. कॅमेरामन कार्ड फॉरमॅट करतो. प्रोड्यूसर प्रश्नांचा कागद वाटतो. प्रश्न दोन जातींचे आहेत. पहिली जात साधी: अमेरिकी सरकारच्या तीन शाखा कोणत्या? कॅलिफोर्नियाला कोणता महासागर लागतो? दुसऱ्या जातीच्या प्रश्नांना उत्तरच नाही: बेल्जियमनं पॅसिफिकचं थोडं पाणी भाड्यानं मागितलं आहे, द्यावं का?

ही पद्धत जुनी आहे. जे लेनोनं ‘द टुनाइट शो’मध्ये ‘जेवॉकिंग’ नावानं ती वर्षानुवर्षं चालवली. जिमी किमेलचा स्टुडिओ तर याच रस्त्यावर, एल कॅपिटन थिएटरला लागून आहे. त्याची माणसं माइक घेऊन याच फुटपाथवर उतरतात. २०१३ मध्ये त्यांनी लोकांना विचारलं होतं, तुम्हाला ओबामाकेअर आवडतो की अफोर्डेबल केअर ॲक्ट? दोन्ही एकाच कायद्याची नावं. लोक एकाची बाजू घेत होते, दुसऱ्याला नावं ठेवत होते. तो विनोद मला न्याय्य वाटतो. प्रश्न खऱ्या कायद्याबद्दल होता, आणि त्या कायद्याबद्दल लोकांच्या कानात कुणी काय भरवलं होतं ते त्यातून दिसत होतं. बेल्जियमच्या पाण्यातून काय दिसतं, ते दिवसभर बघायचं आहे.

सकाळी ८.४०

फुटपाथवर पितळी कडांचे गुलाबी टेराझोचे तारे बसवले आहेत, सत्तावीसशेहून जास्त. एक माणूस स्पायडरमॅनचा पोशाख चढवतो आहे. फोटोमागे मिळतील तितक्या पैशांवर त्याचा दिवस चालतो. बसमधून पर्यटक उतरतात.

भाची कामाला लागते. पॅड छातीशी, चेहऱ्यावर हसू. “एक मिनिट आहे का? एका छोट्या कार्यक्रमासाठी बोलतोय.” विनोदी हा शब्द उच्चारायचा नाही, अशी सूचना आहे. विचारलं तर खोटंही बोलायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. फार जण विचारत नाहीत.

प्रोड्यूसर लांबून बोटानं दाखवतो. तो, हॅटवाला. ती, दोन पोरांबरोबरची. निवड चेहऱ्यावरून होते. सुटाबुटातल्या माणसाकडे बोट जात नाही. हाफपँट, रंगीत टोपी, गावचं नाव लिहिलेला टीशर्ट, इकडे जातं. तासाभरात मलाही कळू लागतं, पुढचं बोट कुणाकडे वळणार.

पहिला चुकतो. दुसरी बरोबर सांगते. तिसरा दोन शाखा सांगतो, तिसरी आठवत नाही, स्वतःच हसतो. प्रत्येकाचं झालं की ही पुढे होते. “इथे सही करा. आणि इथे.” मग त्या माणसाचा, हातात सही केलेला कागद धरून, फोटो. एडिटिंगला चेहरा आणि कागद जुळवता यावा म्हणून.

मी एक संमतीपत्र पूर्ण वाचते. चार मिनिटं लागतात. चित्रीकरण हवं तसं कापता, जोडता, बदलता येईल. बदनामी झाली, फसवणूक झाली असं म्हणून दावा लावता येणार नाही. वापर कायमचा, आज असलेल्या आणि पुढे शोधल्या जातील त्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात. मोबदला काही नाही. उन्हात उभी माणसं वीस सेकंदांत सही करतात.

सकाळी १०.१५

पन्नाशीचा एक ट्रक ड्रायव्हर. पोट सुटलेलं, टोपीवर ट्रॅक्टरचं चित्र. प्रोड्यूसरचं बोट अगदी उत्साहानं वळलं होतं. ड्रायव्हर तीन शाखा सांगतो, कायदेमंडळ, कार्यकारी, न्यायपालिका. शिवाय राष्ट्राध्यक्षांनी नाकारलेलं विधेयक दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करता येतं, हेही सांगतो. महासागर सांगतो. बेल्जियमचं ऐकून म्हणतो, “हे तुम्ही आत्ता बनवलं.”

होस्ट मनापासून हसतो, हात मिळवतो. ड्रायव्हर सही करतो, पेन परत देतो. भाची लॉगशीटवर त्याच्यापुढे बरोबरची खूण करते. ही खूण म्हणजे वापरायचा नाही.

खुणा मोजल्या. आत्तापर्यंत एकोणीस जण, अकरा खुणा. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचं ॲनेनबर्ग केंद्र नागरिकशास्त्राची पाहणी करतं. रीतसर नमुना निवडून, हॅट बघून नव्हे. २०१६ मध्ये तिन्ही शाखा सांगणारे सव्वीस टक्के निघाले होते, २०२४ मध्ये पासष्ट. पहिला आकडा काळजीचा होता, दुसरा बरा आहे. त्या पाहणीत चुकणाराही मोजला जातो आणि बरोबर सांगणाराही.

सकाळी ११.३०

ओहायोहून आलेली एक बाई. साठीच्या आसपास. घरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, अंघोळ घालते, औषधं देते. मुलीनं वाढदिवसाला ही सहल दिली आहे. माइक पुढे आल्यावर ती केस नीट करते.

महासागर बरोबर. शाखा दोन. मग बेल्जियम. होस्ट गंभीर चेहऱ्यानं विचारतो. ती विचार करते. खरोखर विचार करते, सहा-सात सेकंद.

“द्यायला हरकत नाही,” ती म्हणते. “पण परत भरणार कसं, ते आधी विचारायला हवं. आणि गरज असेल तरच कुणी मागतं ना.”

कॅमेरामागे प्रोड्यूसर मुठी आवळून आनंद दाबतो. आजचं सोनं मिळालं.

मी दोन फुटांवर उभी आहे आणि मला त्या उत्तरात मूर्खपणा दिसत नाही. माइक घेऊन, नीट कपडे घालून, नावानिशी ओळख करून देणारा माणूस तोंडावर धादांत खोटं बोलेल, असं तिच्या मनात येत नाही. आयुष्यभर लोकांच्या अडचणी ऐकून घेण्याचं काम करणारी बाई आहे ती. तिनं बेल्जियमचीही अडचण ऐकून घेतली.

ती सही करते. चष्मा पर्समध्ये राहिला आहे, म्हणून कागद लांब धरते. “कुठल्या चॅनलवर दिसेल?” भाची खरं सांगते: इंटरनेटवर, विनोदी कार्यक्रम आहे. “अरे वा,” ती म्हणते, आणि मुलीला हाक मारते.

दुपारी १२.३०

जेवण. कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो, कामाचा पाचवा तास संपायच्या आत अर्धा तास सुट्टी द्यायची, नाहीतर एका तासाचा जादा पगार. म्हणून प्रोड्यूसर घड्याळ बघून थांबवतो.

कोपऱ्यावर एक बाई गाड्यावर बेकन गुंडाळलेले हॉटडॉग भाजते आहे, कांदा आणि मिरच्यांबरोबर. एक आठ डॉलरला. होस्ट सगळ्यांसाठी घेतो. तो वाईट माणूस नाही, हे लिहायला हवं. दिवसभर उभा राहतो, कुणाशी उद्धट बोलत नाही. भाची पोहे काढते, साउंडवालीला अर्धे देते.

साउंडवालीची या धंद्यात वीस वर्षं गेली आहेत. ती ‘बोराट’चा विषय काढते. २००६ चा सिनेमा. सॅशा बॅरन कोहेन कझाक पत्रकार बनून खऱ्या अमेरिकन माणसांना भेटला. मेरीलँडमधल्या एका ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाला सांगितलं होतं, परदेशी लोक अमेरिकेत कसे रुळतात यावर माहितीपट करतोय. रोख पाचशे डॉलर दिले, सही घेतली. सिनेमा आल्यावर तो कोर्टात गेला. २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टानं दावा फेटाळला. सही होती.

दुसऱ्या भागात, २०२० मध्ये, ओक्लाहोमा सिटीतल्या एका बाईंना बोराटच्या मुलीला सांभाळायला म्हणून घेतलं. त्यांना वाटलं, खरोखर एका मुलीला जबरदस्तीच्या लग्नातून वाचवायचं आहे. त्या तिला समजावत राहिल्या, धीर देत राहिल्या. पडद्यावर त्याच सर्वांत शहाण्या दिसल्या. त्यांना ३,६०० डॉलर मिळाले होते. सिनेमा गाजल्यावर चर्चच्या पाद्र्यांनी त्यांच्यासाठी वर्गणी सुरू केली, आणि कोहेननं त्यांच्या वस्तीसाठी एक लाख डॉलर दिले.

“म्हणजे शेवटी चांगलं झालं,” होस्ट म्हणतो.

“सिनेमा गाजला म्हणून,” साउंडवाली म्हणते. “आणि बाई चांगली दिसली म्हणून. बाकीच्यांचं काय?”

प्रोड्यूसरला हे पटत नाही. त्याचं म्हणणं तो शांतपणे मांडतो. ही माणसं मतदार आहेत. सरकार यांच्या मतावर बनतं. मत देणाऱ्याला सरकारच्या शाखा माहीत नसतील तर ते दाखवायचं नाही? आपल्याच देशाला हसायचं नाही?

हसावं. पण सकाळपासूनच्या खुणा लॉगशीटवर आहेत, आणि त्या दाखवायच्या नाहीत असं त्यानंच ठरवलं आहे. हे मी बोलत नाही, बोलायचं नाही ही अट आहे. भाची बोलते. “मग बरोबर सांगणारेही दाखवूया ना.” प्रोड्यूसर हसतो. “त्यावर कोण क्लिक करेल?”

तिच्या फोनवर पुण्याहून घरच्या ग्रुपवर एक क्लिप आली आहे. दुसऱ्याच कुठल्या कार्यक्रमाची. अमेरिकन माणसं जगाच्या नकाशापुढे गोंधळलेली. खाली तिच्या काकांचा शेरा, हे म्हणे महासत्ता. सात हसरे चेहरे. भाची उत्तर टाइप करते: काका, किती जणांना विचारलं ते त्यात सांगत नाहीत. मग फोन खिशात ठेवून नवे फॉर्म पॅडला लावते.

दुपारी १.४०

ऊन कडक. भाची रिफ्लेक्टर धरून उभी आहे. हात थरथरतात, मधूनमधून खांदा बदलते. माणसं येतात, जातात. या वेळेचं सांगण्यासारखं फार नाही. थकलेली माणसं जास्त चुकतात, एवढं दिसतं. दोन पेनं गेली.

दोन टेकच्या मधल्या वेळात साउंडवाली मला तिच्या आवडत्या दिवसांबद्दल सांगते. पुढाऱ्यांच्या मुलाखतींचे दिवस. त्यांच्याबरोबर वकील असतो, मदतनीस असतो, तरी ते फसतात, आणि तेव्हा हेडफोनमध्ये हसू आवरत नाही. कॅनडाच्या रिक मर्सरनं आर्कान्सॉचे तेव्हाचे गव्हर्नर माइक हकाबी यांच्याकडून कॅनडाच्या ‘राष्ट्रीय इग्लू’बद्दल अभिनंदन वदवून घेतलं होतं. २००१ मधला त्याचा ‘टॉकिंग टू अमेरिकन्स’ हा खास कार्यक्रम कॅनडात २७ लाख लोकांनी पाहिला. रस्त्यावरची साधी माणसंही त्यात होती, पण तिला गव्हर्नर आठवतो.

मलाही तोच फरक महत्त्वाचा वाटतो. गव्हर्नरनं लोकांकडे मत मागितलेलं असतं. माहीत नसलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची किंमत तिथे दुसरे लोक मोजतात, म्हणून ती उघडी पाडावी. आमच्याकडे वगातला सोंगाड्या राजाची आणि प्रधानाची फजिती करतो. समोर बसलेल्यांना त्यानं छेडलं, तर प्रेक्षकांतून तिथल्या तिथे उत्तर येतं. ओहायोची बाई उत्तर कुठे देणार?

कोर्टात मात्र कागद दोघांना सारखाच लागतो. अलाबामाचे माजी सरन्यायाधीश रॉय मूर यांनी कोहेनच्या २०१८ च्या मालिकेवर साडेनऊ कोटी डॉलरचा दावा लावला. त्यांनीही सही केली होती. २०२२ मध्ये अपील कोर्टानं तोही दावा फेटाळला. न्यायाधीशाला कागद वाचता येतो, वकील ठेवता येतो. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला पाचशे डॉलर मोजून दिले होते.

दुपारी ३.०५

तिशीचा एक माणूस, गोदामात काम करतो, पायात लोखंडी टोकाचे बूट. बेल्जियमच्या प्रश्नावर तो भडाभडा बोलतो: पाणी आमचं आहे, एक थेंब द्यायचा नाही. होस्ट आणखी चढवतो. तो आणखी बोलतो. फुटपाथवरचे चार जण हसतात.

ते हसू त्याला ऐकू येतं.

भाची पॅड पुढे करते. तो पेन घेतो. थांबतो. “हे खरं नव्हतं ना?”

ती एक क्षण गप्प. मग म्हणते, “नव्हतं.”

“मी मूर्ख दिसलो का?”

“तुम्ही विश्वास ठेवलात.”

तो पहिलं पान वाचतो. दुसरं वाचतो. सगळं वाचणारा दिवसातला हा पहिला माणूस. मग पेन आणि पॅड तिच्या हातात परत देतो. “नाही. माझी पोरं शाळेत जातात. त्यांच्या वर्गातली मुलं हे बघतील.” आणि बूट वाजवत रस्ता ओलांडून जातो.

प्रोड्यूसर धावत येतो. वीस डॉलर दे, पन्नास दे, जा मागे. ती जाते. सिग्नलपर्यंत जाते, त्याला गाठते, पन्नास डॉलर म्हणते. मला लांबून त्याची नकारार्थी हललेली मान दिसते. ती परत येते, घामाघूम. प्रोड्यूसर ओरडत नाही. फक्त म्हणतो, “तुला ‘नव्हतं’ म्हणायची गरज नव्हती.”

ती लॉगशीटवर लिहिते: सही नाही. वापरता येणार नाही.

दुपारी ४.३०

ऑफिस. कॅमेऱ्याची कार्डं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायची. प्रत्येक प्रत मूळ फाइलशी ताडून बघायची, मगच कार्ड पुसायचं. हे सगळं तिच्याकडे. मग कागद स्कॅन करायचे, फोटोला नंबर, कागदाला नंबर, क्लिपला नंबर.

कॅमेऱ्यासमोर आलेले ४७. सह्या ४५. एकानं नाकारली, एक पर्यटक बस सुटते म्हणून पळाला. तिन्ही शाखा बरोबर सांगणारे २८.

संध्याकाळी ६.००

एडिटरची खोली. अंधारी, थंड. पडद्यावर २ मिनिटं ४० सेकंदांचा कट बनतो आहे. त्यात सात माणसं बसणार. सहा चुकणारी, आणि शेवटी आठ वर्षांची एक मुलगी, जिला सगळं येतं. तिच्या कागदावर आईची सही आहे.

ट्रक ड्रायव्हर नाही. अठ्ठावीस जणांतली एकटी ती मुलगी येते, तीही मोठ्यांना आणखी खाली दाखवायला.

एडिटर कसबी आहे, हात भराभर चालतात. कुणाच्या उत्तराआधीची शांतता तो दोन सेकंद वाढवतो. होस्टचा थक्क चेहरा मध्ये टाकतो. तो चेहरा जेवणानंतर वेगळा घेतला होता, समोर कुणी नसताना. मग ओहायोची बाई. “द्यायला हरकत नाही.” कट. होस्टचा चेहरा. खोलीत प्रोड्यूसर खदखदून हसतो.

“तिचं पुढचं वाक्य ठेवा,” भाची म्हणते. ती दाराशी उभी आहे, हातात हार्ड डिस्क. “गरज असेल तरच कुणी मागतं, ते.”

एडिटर जोडून बघतो. चार सेकंद वाढतात. पुन्हा लावतो. या वेळी कुणी हसत नाही. बाई पडद्यावर शहाणी आणि मायाळू दिसते, आणि होस्ट तिच्याशी खोटं बोलणारा माणूस दिसतो. एडिटर खुर्ची मागे घेतो. “हिनं सगळं बिघडतं.”

“मग काढून टाक तिला,” प्रोड्यूसर म्हणतो.

तिच्या जागी एकोणीस वर्षांचा एक मुलगा येतो. ज्याला महासागराचं नाव आठवलं नाही आणि जो लाजून टोपी डोळ्यांवर ओढून घेतो. त्याच्यासाठी भाचीजवळ दुसरं वाक्य नाही. त्यानं तेवढंच उत्तर दिलं होतं.

रात्री ८.००

टाइमशीट. बारा तास भरले. २५०.१८. पेनांची पावती ती पुन्हा एकदा जोडते. कुणी मंजूर करत नाही, तरी जोडते.

निघताना प्रोड्यूसर उद्याचा कागद देतो. सँटा मोनिकाचा धक्का, कॉल साडेसहा, फॉर्म ऐंशी. खाली हातानं एक ओळ लिहिली आहे: उद्यापासून सही मुलाखतीच्या आधी घ्यायची.

मेट्रोत जागा मिळते. ती बूट सैल करते. तो कागद काढून पुन्हा वाचते. मी विचारते, हे तू करणार?

“सांगितलंय म्हटल्यावर करावं लागेल,” ती म्हणते. “पण मावशी, तुला वाचायला किती वेळ लागला होता ग?”

“चार मिनिटं.”

ती बोटांवर मोजते. “सत्तेचाळीस चोक एकशे अठ्ठ्याऐंशी. तीन तास झाले. मी प्रत्येकाला म्हणणार, आधी वाचा, घाई नाही. दोन्ही पानं. चष्मा नसेल तर मी वाचून दाखवते.” मग थोडं थांबून, “बारा तासांच्या वर गेलं तर तासाला पस्तीस डॉलर चौऱ्याहत्तर सेंट द्यावे लागतील त्यांना. देऊ देत.”